बचनाग लवकर बोलतो, सापसण उशिरा

संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावात, पिढीजात औषध देणाऱ्या एका वैद्यबुवांच्या परड्यात, मी सापसणीची वेल पहिल्यांदा ओळखीने पाहिली. तोवर ती कितीदा तरी नजरेखालून गेली असेल. कुंपणावर चढलेली बारीक वेल, चिलमीसारखे वाकडे, फिकट हिरवे-जांभळे फूल आणि वाळल्यावर खालून फाटून उलट्या छत्रीसारखे लोंबणारे फळ. वैद्यबुवा म्हणाले, "ही सापसण. हिच्या आसपास साप फिरकत नाही." सापाचे औषध म्हणून आता ते ती देत नव्हते. साप चावला की माणसे थेट तालुक्याला किंवा रत्नागिरीला जातात. पण मुलांच्या पोटदुखीला, तापाला, बायकांच्या अडलेल्या पाळीला मूळ उगाळून देणे चालू होते. मी विचारले, "त्रास होत नाही कुणाला?" ते हसले. "आजोबांपासून देतोय. कुणाला काही झालं नाही."

हे वाक्य मी पुढे बरीच वर्षे सोबत घेऊन फिरलो. ते खोटे नव्हते आणि वैद्यबुवाही खोटे बोलणारे नव्हते. पैशाचा लोभ म्हणाल तर त्यांच्या घरावरची कौलेसुद्धा धड नव्हती. तरी ते वाक्य पुरेसे नव्हते. कुठवर ते खरे असते आणि कुठे संपते, याचा हा शोध आहे.

सापसण म्हणजे संस्कृतातली ईश्वरी. वनस्पतिशास्त्रात ती 'ॲरिस्टोलोकिया इंडिका' आहे. मुंबईच्या सरकारी औषधभांडाराचे प्रमुख विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन आणि हूपर या सहकाऱ्यांसह १८९० ते १८९३ या काळात 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात ही वेल तिच्या देशी नावांसह नोंदलेली आहे. डायमॉक बाजारात जाणारा माणूस होता. गांधी काय विकतो, कुठल्या नावाने विकतो, त्यात भेसळ कशाची असते, हे त्याच्या लिखाणात जागोजागी दिसते. औषधी वनस्पतींवर लिहिणाऱ्या आजच्या कितीतरी पंडितांना ही सवय नाही.

या कुळाचे युरोपीय नावच 'ॲरिस्टोलोकिया', म्हणजे बाळंतपणाला उत्तम. ग्रीक वैद्यांपासून ही वनस्पती तिकडे प्रसूतीसाठी आणि सर्पदंशावर वापरात होती. फुलाचा आकार गर्भाशयासारखा, म्हणून ती गर्भाशयाची, असाही तिथला एक तर्क होता. म्हणजे भूमध्य समुद्राकाठी आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी, एकाच कुळातल्या दोन वेली, साधारण त्याच दोन कामांसाठी. हे प्रथम वाचले तेव्हा मी खरोखर हरखलो होतो. दोन परंपरा एवढ्या लांबून एकच साक्ष देत असतील तर त्यात काही तथ्य असणारच, असे मला वाटले. पण त्याच सुमारास प्रागमध्ये युलियस पोल हा औषधशास्त्रज्ञ या कुळातून काढलेले द्रव्य जनावरांना देत होता आणि ते त्यांच्या मूत्रपिंडांना इजा करते अशी नोंद करत होता. डायमॉकचे काम चालू असतानाची ही गोष्ट. पोलचा निबंध जर्मन नियतकालिकात छापला गेला आणि तिथेच राहिला.

आता 'आपल्या परंपरेला विषपरीक्षा माहीतच नव्हती' असे कुणी म्हणाले तर ते मला मान्य नाही. सुश्रुतसंहितेचे कल्पस्थान उघडून पाहावे. राजाच्या स्वयंपाकघराची व्यवस्था सांगताना अन्नातले विष कसे ओळखावे, हे तिथे तपशिलाने येते. ते अन्न माश्यांना, कावळ्यांना घालून पाहावे. विस्तवावर टाकले तर ज्वाळेचा रंग आणि आवाज बदलतो. चकोर पक्ष्याच्या डोळ्यांचा रंग उतरतो. चकोराचे सोडून देऊ. पण अन्न आधी जनावराला घालून पाहणे ही तत्त्वतः आजच्या प्रयोगशाळेतली पहिलीच पायरी आहे. त्याच स्थानात कंदविषांच्या यादीत वत्सनाभ येतो, म्हणजे आपला बचनाग.

बचनाग ही परंपरेच्या परीक्षेची सर्वांत चांगली बाजू आहे. हे हिमालयातले मूळ. चुकून पोटात गेले तर थोड्याच वेळात ओठ-जीभ झिणझिणतात, बधिर होतात, मग उलट्या सुरू होतात आणि हृदयाची लय बिघडून माणूस मरतो. इंग्रजी अमलातले रासायनिक परीक्षक बचनागाच्या विषाची खात्री करण्यासाठी अर्काचा सूक्ष्म अंश स्वतःच्या जिभेला लावून झिणझिण्यांची वाट पाहत. (नोकरीत याचा वेगळा भत्ता मिळत होता की नाही, कोण जाणे.) असे विष लपून राहू शकत नाही. ते लगेच बोलते आणि देणाऱ्याकडे बोट दाखवते. वैद्यांनी ते ऐकले आणि त्यावर उपाय काढला. बचनागाचे तुकडे रोज बदलत्या गोमूत्रात तीन दिवस उन्हात ठेवायचे किंवा दुधात शिजवायचे. याचे नाव शोधन. त्यानंतरच तो त्रिभुवनकीर्तीसारख्या औषधांत जातो आणि ते औषध महाराष्ट्रात तापासाठी किती घरांतून दिले गेले याची गणतीच नाही.

या शोधनाची परीक्षा मुंबईतच झाली. परळच्या केईएम रुग्णालयातल्या थोरात आणि शारदिनी डहाणूकर या संशोधकांनी १९९१ साली 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'मध्ये एक छोटा निबंध लिहिला. आयुर्वेदातले संस्कार गाळून चालेल का, असा साधा प्रश्न त्याच्या शीर्षकातच होता. मराठी वाचक डहाणूकरांना 'वृक्षगान' आणि 'फुलवा'च्या लेखिका म्हणून ओळखतो. त्यांचे हे काम मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. त्यांनी उंदरांना कच्चा बचनाग आणि शोधन केलेला बचनाग दिला. कच्च्या बचनागाच्या २.६ मिलिग्रॅमला सगळे उंदीर मेले. पूर्ण शोधन केलेल्याच्या आठपट मात्रेलाही एकही मेला नाही. शिवाय शोधनातली एखादी पायरी गाळली तर विष पूर्ण उतरत नव्हते. रसायनशास्त्र याचे कारण सांगते: पाणी आणि उष्णता यांनी ॲकोनिटीनचे रेणू तुटतात आणि उरलेले तुकडे कितीतरी सौम्य असतात. ज्या कुणी पहिल्यांदा हे ठरवले असेल त्याला रेणू माहीत नव्हता. त्याला आधी कुणीतरी मेलेले आणि नंतर कुणीतरी वाचलेले दिसले होते.

माझ्या मते सगळी गोम या दिसण्यातच आहे. जे विष तासाभरात दिसते त्याच्यापुढे परंपरा समर्थ होती. जे विष दहा वर्षांनी दिसते त्याच्यापुढे ती आंधळी होती, आणि त्या बाबतीत युरोपातले डॉक्टरही तितकेच आंधळे होते. कल्पना नव्हती असे नाही. सुश्रुतातच 'दूषीविष' सांगितले आहे: शरीरात वर्षानुवर्षे दबून राहणारे, मारून न टाकता झिजवत नेणारे विष. विचार म्हणून तो थक्क करणारा आहे. पण एखाद्या विशिष्ट मुळीवर तो आरोप ठेवायचा तर कुणाला, काय, किती दिले आणि पुढे त्याचे काय झाले, हे लिहिलेले असावे लागते. नुसत्या आठवणीने ते जमत नाही.

सापसणीची मुंबईत एकदा परीक्षा झाली होती. हाफकिन संस्थेत कृ. श्री. म्हसकर आणि फादर कायस यांनी सर्पदंशावरच्या देशी वनस्पतींची शहानिशा केली आणि १९३१ साली तिचा वृत्तांत छापला. गावोगावी सापावर देतात अशा शेकडो मुळ्या, पाले, साली त्यांनी विषाविरुद्ध तपासल्या आणि निकाल एका ओळीत सांगता येतो: एकही उपयोगी नाही. सापसणही नाही. पुढे कीर्तिकर-बसूंच्या 'इंडियन मेडिसिनल प्लँट्स'ची दुसरी आवृत्ती याच म्हसकर-कायस जोडीने ब्लॅटर यांच्यासह संपादित केली आणि अनेक वनस्पतींच्या नोंदीखाली हा नकार कोरडेपणाने लिहून ठेवला. हे काम फार मोठे आहे. पण त्यांनी विचारलेला प्रश्न 'ही मुळी सापाचे विष उतरवते का?' एवढाच होता. 'ही मुळी स्वतः विष आहे का?' हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. १९७० च्या दशकात कलकत्त्यात सापसणीचे अर्क उंदरांना देऊन पाहिले गेले, तेव्हा शोध गर्भनिरोधकाचा होता.

विषाचा प्रश्न विचारला गेला तो भलत्याच निमित्ताने. १९६४ साली अमेरिकेत ॲरिस्टोलोकिक आम्ल चक्क कर्करोगावरचे औषध म्हणून रुग्णांना देऊन पाहिले गेले. मूत्रपिंडे बिघडू लागली म्हणून ते सोडून द्यावे लागले. त्याच वर्षी भारतात औषध कायद्यात दुरुस्ती होऊन आयुर्वेद आणि युनानी औषधे पहिल्यांदा कायद्याच्या कक्षेत आली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. संबंध असायला हवा होता, असे मात्र वाटत राहते. पश्चिम जर्मनीत हे आम्ल प्रतिकारशक्ती वाढवणारे म्हणून गोळ्यांतून विकले जात होते. तिथे मेंग्ज आणि सहकाऱ्यांनी ते उंदरांना खाऊ घातले आणि अवघ्या तीन महिन्यांत त्यांच्या जठरात कर्करोगाच्या गाठी दिसू लागल्या. निबंध १९८२ मध्ये छापून आला. त्याच्या आधीच, १९८१ मध्ये, ती औषधे बाजारातून काढून घेतली गेली. जर्मनीपुरता प्रश्न मिटला.

दहा वर्षांनी तो शेजारच्या बेल्जियममध्ये उभा राहिला. १९९२ साली ब्रुसेल्समध्ये दोन बायका मूत्रपिंडे निकामी होऊन आल्या. आजार विचित्र होता. लघवीत फारसे काही नाही, रक्तदाब बेताचा, पण मूत्रपिंडाचे मांस झपाट्याने तंतूंनी भरून चाललेले. डॉ. व्हॅनहेरवेगेम आणि सहकाऱ्यांनी दोघींची चौकशी केली तेव्हा एक समान गोष्ट निघाली: दोघी एकाच ठिकाणी वजन उतरवण्याचा उपचार घेत होत्या. मग त्यांनी शहरातल्या इतर मूत्रपिंड विभागांत विचारणा केली. पन्नाशीच्या आतल्या आणखी सात बायका सापडल्या. सगळ्यांचा उपचार तोच. तो उपचार पूर्वीपासून चालत आला होता. १९९० मध्ये मात्र त्यात दोन चिनी वनस्पतींची पूड नव्याने घातली गेली होती. हा वृत्तांत 'लॅन्सेट'मध्ये १९९३ साली आला.

त्या दोन वनस्पतींपैकी एक 'स्टेफानिया टेट्रान्ड्रा' असायला हवी होती. ती फारशी घातक नाही. पण पुडीत तिचे रसायन नीट सापडेना. १९९४ मध्ये उलगडा झाला: पुडीत होते ॲरिस्टोलोकिक आम्ल. चिनी भाषेत स्टेफानियाला 'हान फांगजी' म्हणतात आणि 'ॲरिस्टोलोकिया फांगची' या आपल्या सापसणीच्या चुलत बहिणीला 'ग्वांग फांगजी'. नाव अर्धे सारखे, म्हणून पोत्यात दुसरीच मुळी आली. यावर आपण हसू नये. आपल्याकडे 'रास्ना' मागितली तर प्रांताप्रांताला वेगवेगळी झाडे हातात पडतात. 'शंखपुष्पी' निदान तीन-चार वनस्पतींना म्हणतात. ब्राह्मी आणि मंडूकपर्णी यांचा घोळ तर पंडितांनाही सुटलेला नाही. डायमॉक बाजारात जाऊन नावे का तपासत होता, हे मला ब्रुसेल्सची हकिकत वाचल्यावर खऱ्या अर्थाने कळले.

पुढचा भाग जास्त भयंकर आहे. मूत्रपिंडे गेलेल्या या रुग्णांपैकी ३९ जणांनी आपली निकामी मूत्रपिंडे आणि मूत्रवाहिन्या काढून टाकायला संमती दिली. २००० साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला: ३९ पैकी १८ जणांच्या मूत्रमार्गाच्या अस्तरात कर्करोग. उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या पेशीही बदललेल्या होत्या. ज्यांच्या पोटात एकूण २०० ग्रॅमहून जास्त मुळी गेली होती त्यांना धोका अधिक होता. २०० ग्रॅम म्हणजे स्वयंपाकघरातली एक लहान बरणी. औषध थांबून तोवर कितीतरी वर्षे झाली होती.

आणि मग लोकांना डॅन्यूब नदीची आठवण झाली. डॅन्यूबच्या उपनद्यांकाठी, बल्गेरिया, रुमानिया आणि तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या काही ठरावीक गावांत, १९५० च्या दशकापासून एक मूत्रपिंडाचा आजार नोंदला गेला होता. तो काही घरांत पिढ्यान् पिढ्या होई, शेजारच्या गावात मात्र नसे. बाहेरून आलेला माणूस त्या गावात पंधरा-वीस वर्षे राहिला की त्यालाही होई. पाणी, कोळसा, बुरशी, विषाणू, जड धातू अशा सगळ्यांवर संशय घेऊन झाला. १९६९ मध्ये इविच या डॉक्टरने एक कल्पना मांडली होती. गव्हाच्या शेतात तिकडची सापसण, 'ॲरिस्टोलोकिया क्लेमॅटायटिस', तण म्हणून माजते. तिचे बी धान्याबरोबर दळले जाते आणि भाकरीतून पोटात जाते. ते तण मिसळलेले गवत खाऊन घोड्यांची मूत्रपिंडे बिघडल्याची नोंद बोस्नियात १९५७ मध्ये झालेली होतीच. इविचचे म्हणणे बाजूला पडले. २००७ मध्ये ग्रोलमन, येलाकोविच आणि सहकाऱ्यांनी त्या गावांतल्या रुग्णांच्या मूत्रपिंडांत डीएनएला चिकटलेले ॲरिस्टोलोकिक आम्लाचे अवशेष दाखवले. त्यांच्या गाठींतल्या जनुकावर एका विशिष्ट प्रकारचा बदल होता, या आम्लाची सही म्हणावी असा. इविचचे बरोबर होते. त्यासाठी अडतीस वर्षे लागली.

यातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग असा: त्या शेतकऱ्यांची आजीही म्हणाली असती, भाकरीने कुणाला काही झाले नाही.

तैवानमध्ये हिशेब मांडता आला, कारण तिथे पारंपरिक औषधेसुद्धा राष्ट्रीय आरोग्य विम्यातून मिळतात आणि प्रत्येक चिठ्ठी नोंदली जाते. २ लाख लोकांच्या नमुन्यात १९९७ ते २००३ या काळात जवळजवळ एक तृतीयांश लोकांना या कुळातली औषधे मिळालेली निघाली. २००३ मध्ये तैवानने ती बंद केली. त्याआधी २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या कुळातल्या औषधांना माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातले होते.

आपला कायदा काय म्हणतो? औषध नियमांच्या ई (१) परिशिष्टात आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची यादी आहे. बचनाग, कुचला, धोतरा, बिब्बा, गुंज, जमालगोटा, कण्हेर, कळलावी, शिवाय पारा, हरताळ, मनशीळ. ही द्रव्ये असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. यादी चांगली आहे. पण ती बारकाईने वाचली तर लक्षात येते की तिच्यातल्या वनस्पती बहुतेक लवकर बोलणाऱ्या आहेत. ग्रंथांनी ज्यांना विष म्हटले तेवढ्यांनाच कायद्याने विष म्हटले. सापसण मला त्या यादीत सापडली नाही. २०१० साली आलेल्या १५८-ब नियमानुसार, प्राचीन ग्रंथातले औषध ग्रंथात सांगितल्याप्रमाणे केले असेल तर त्याला सुरक्षिततेच्या नव्या चाचणीची गरज नाही. परंपरेचा दीर्घ वापर हीच चाचणी, असा यामागचा विचार. बचनागाच्या बाबतीत तो मला पटतो, डहाणूकरांच्या उंदरांनी त्याला दुजोराही दिला आहे. सापसणीच्या बाबतीत मुळीच पटत नाही. आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला, ही चांगली गोष्ट. पण दहा वर्षांपूर्वी घेतलेली मुळी आज डायलिसिसच्या खाटेवर कुणाला आठवणार?

यावर दोन्ही बाजूंचे लोक रागावतात, हा माझा अनुभव आहे. आयुर्वेदाचे अभिमानी म्हणतात, पाश्चात्त्य गोळ्यांनी काय कमी मूत्रपिंडे घालवली? ते खरेच आहे. पण म्हणून ॲरिस्टोलोकिक आम्ल सौम्य होत नाही. दुसऱ्या बाजूचे एका सापसणीवरून सगळा आयुर्वेद बुडवायला निघतात आणि बचनागाचे शोधन त्यांना ऐकायचेसुद्धा नसते.

गेल्या पावसाळ्यात मी पुन्हा त्या परड्यात गेलो. वेल तशीच होती. पानांवर लालसर काटेरी गाठींच्या काळपट अळ्या होत्या, कॉमन रोझ फुलपाखराच्या. या अळ्या सापसणीवरच पोसतात, तिचे आम्ल अंगात साठवतात आणि त्यामुळे पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. पक्ष्याला धडा लगेच मिळतो.

मी वैद्यबुवांना ब्रुसेल्सची हकिकत सांगितली, डॅन्यूबचीही. ते शांतपणे ऐकत होते. "आमच्याकडे एवढं रोज कुठे देतात? दोन-तीन दिवस उगाळून," ते म्हणाले. तो मुद्दा रास्त होता आणि मी तसे कबूलही केले. मात्रेला अर्थ असतोच. पण तीच मुळी वर्षानुवर्षे पाळीसाठी घेणारी एखादी बाई असेल तर? ते जरा वेळ गप्प राहिले. मग आत जाऊन त्यांनी आजोबांची वही आणली. मोडी वळणाचे बारीक अक्षर, वाळवीने खाल्लेल्या कडा. तारीख, रोग्याचे नाव, गाव, आणि शेवटी कुणी काय दिले: दोन पायली भात, एक नारळ, चार आणे, काही नाही. पन्नासेक पाने आम्ही उलटली.

"यात औषध कुठं लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"ते कशाला लिहायचं?" वैद्यबुवा म्हणाले. "आजोबांना पाठ होतं."